वाल्याचे ठिकाण : सुधारलेल्या गुन्हेगाराच्या कथेचे दीर्घायुष्य

वाईट मार्गाला लागलेला मनुष्य सुधारला की 'वाल्याचा वाल्मीकी झाला' असे म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. या वाक्प्रचारात एक मोठी कथा इतकी आटून बसली आहे की तिचे तपशील तो वापरणाऱ्याच्या ध्यानातही येत नाहीत. वाटमारी करणारा वाल्या कोळी हत्येगणिक एक खडा रांजणात टाकत असे आणि असे सात रांजण भरले, हा तपशील मराठी मुलखातील लोककथेत ठसठशीतपणे येतो. पुरंदर तालुक्यातील वाल्हे हे गाव त्याचे म्हणून ओळखले जाते; पंढरपूरकडे जाणारी ज्ञानेश्वर माउलींची पालखी तेथे मुक्काम करते. बायकामुलांनी पापात वाटेकरी होण्यास नकार दिल्यावर वाल्या नामजपाला बसतो आणि त्याच्याभोवती वारूळ वाढते. रांजण आणि वारूळ यांच्यामधला जो काळ, ज्यात तो वाल्या राहिलेला नाही आणि वाल्मीकीही झालेला नाही, त्याविषयी कथा मौन बाळगते. विसाव्या शतकातील चित्रपटाने आणि दूरचित्रवाणीने नेमका हा मधला काळ उचलला. पन्नास-साठ वर्षे लोटली तरी त्या कलाकृती जुन्या का होत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी या मधल्या काळातच शोधावे लागते.

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील 'एलियस स्मिथ अँड जोन्स' ही मालिका (१९७१ ते १९७३) या दृष्टीने नमुनेदार आहे. हॅनिबल हेस आणि किड करी हे दोन नामांकित लुटारू शरण येऊ इच्छितात. राज्यपाल त्यांना माफीचे वचन देतो, पण अट विचित्र असते : ठरावीक काळ सरळ वागून दाखवायचे आणि या वचनाचा कोठेही उच्चार करायचा नाही. तोवर त्यांच्या डोक्यावरील बक्षीस कायम राहील. म्हणजे दोघे सुधारले आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक, राज्यपालाला ठाऊक, पण वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक गावाच्या लेखी ते फरारीच. मालिका संपली तरी ती माफी त्यांच्या हाती पडली नाही. दूरचित्रवाणी मालिकेच्या रूपबंधाला अशी अट फार मानवते. चित्रपटाला शेवट करावाच लागतो. मालिकेला शेवट पुढे ढकलण्यातच जीवन असते. येथे रूपबंधाची गरज आणि कथेचा आशय एकमेकांत इतके मिसळले की हेसची भूमिका करणारा नट पीट ड्यूएल ३१ डिसेंबर १९७१ रोजी मरण पावल्यावरही भूमिका थांबली नाही. रॉजर डेव्हिस या दुसऱ्या नटाने ती स्वीकारली आणि माफीची प्रतीक्षा पुढे चालू राहिली.

मराठी प्रेक्षकाच्या परिचयाची सुधारलेल्या गुन्हेगाराची कथा मात्र वेगळ्या मातीतली आहे, आणि येथे 'माती' हा शब्द अलंकार म्हणून योजलेला नाही.

दोन डोळे आणि बारा हात

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, १९३९ च्या सुमारास, आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची ही कल्पना. महात्मा गांधींच्या विचारांच्या प्रभावाखाली औंधमध्ये स्वराज्याचा जो प्रयोग चालला होता, त्याचाच हा एक भाग होता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांनी भिंतीविना राहावे, शेती करावी, कुटुंबासह नांदावे, अशी तिची रचना होती. या वसाहतीची हकीकत आटपाडी परिसरातच मूळ असलेल्या ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून कथारूप झाली आणि व्ही. शांताराम यांनी तिच्यावर १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट केला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. चित्रीकरणात बैलाशी झुंज देताना शांतारामबापूंच्या डोळ्याला दुखापत झाली, ही गोष्टही चित्रपटाच्या आठवणींशी कायमची जोडली गेली आहे.

या चित्रपटाची समीक्षा बहुधा गांधीवाद, हृदयपरिवर्तन, मानवतावाद या शब्दांभोवती फिरते. ते शब्द चुकीचे नाहीत, परंतु त्यांच्या गजरात शीर्षकातील साधे गणित ऐकू येईनासे होते. सहा खुनी कैदी आणि एक अधीक्षक अशी सात माणसे पडद्यावर आहेत. त्यांपैकी अधीक्षकाची मोजदाद डोळ्यांनी होते आणि कैद्यांची हातांनी. आदिनाथ पाहतो, कैदी राबतात. ओसाड जमीन नांगरली जाते, पीक उभे राहते, भाजी बाजारात स्वस्त विकली जाते आणि चिडलेले व्यापारी कैद्यांवर उलटतात. तेव्हा वचनाला बांधलेले ते बारा हात प्रतिकारासाठी उचलले जात नाहीत. पळून जाण्याचा मोह झाला की आदिनाथचे डोळे त्यांच्यासमोर उभे राहतात. हे डोळे पडद्यावर जितक्या वेळा आणि जितक्या मोठ्या आकारात येतात, ते आजच्या प्रेक्षकाला काहीसे बटबटीत वाटणे स्वाभाविक आहे. वसंत देसाईंच्या संगीताने तो बटबटीतपणा पुष्कळसा सावरला आहे. तथापि प्रश्न अभिरुचीचा नाही. भिंत काढली तरी पहारा गेला नाही. तो कैद्याच्या मनात जाऊन बसला, एवढे मात्र या चित्रपटाने, कदाचित त्याच्या कर्त्याच्या हेतूपलीकडे जाऊन, स्पष्ट दाखविले आहे.

स्वतंत्रपूरच्या प्रत्यक्ष रचनेत कैद्याला सावरणारी गोष्ट म्हणजे कसायला जमीन आणि सोबत घरची माणसे. चित्रपटाने केंद्रस्थानी आणले ते एका पित्यासमान पुरुषाचे डोळे. एकीकडे वाल्याच्या घरच्यांनी नाकारलेला वाटा जणू घरच्यांनीच पुन्हा उचलण्याची सोय आहे. दुसरीकडे नारदाला अधीक्षकाचा गणवेश मिळाला आहे. नाट्य म्हणून दुसरी बाजू प्रभावी ठरते यात शंका नाही. पण सुधारणेची कथा वरून मिळालेल्या विश्वासाची कथा होण्यास येथून प्रारंभ झाला, हे नोंदवणे आवश्यक आहे. आदिनाथचा अखेर मृत्यू होतो आणि त्याच्या माघारीही कैदी तेथून पळत नाहीत. त्यांना जमीन कसायला मिळालेली असते, हेही त्यामागचे एक कारण असावे, असा विचार मात्र चित्रपट मनात येऊ देत नाही.

ज्यांना सुधारायचे नव्हते

येथे एक अडचणीचा प्रश्न उपस्थित होतो. सुधारणेची कथा ज्याच्याविषयी सांगता येते, त्याचा गुन्हा त्याचा स्वतःचा असावा लागतो. आदिनाथच्या सहा कैद्यांनी खून केले आहेत. हेस आणि करी यांनी आगगाड्या लुटल्या आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मात्र या देशातील कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. महाराष्ट्रातील फासेपारधी, उचल्या, कैकाडी आदी समाज या ना त्या रीतीने या शिक्क्याखाली आले. हजेरी, तारेच्या कुंपणातील वसाहती, गावोगाव पोलिसांचा ससेमिरा हे त्यांचे नित्याचे जीवन झाले. १९५२ साली कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या, आणि पाचच वर्षांनी शांतारामबापूंचा चित्रपट आला. या दोन घटनांना एकत्र ठेवून पाहण्याची सवय चित्रपटसमीक्षेला लागली नाही.

साहित्याने ती उणीव काही अंशी भरून काढली. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची, म्हणजे 'दो आँखें बारह हाथ' नंतर दोनच वर्षांनी आलेली. भुकेने मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा इंग्रज सरकारच्या लेखी दरोडेखोर आहे. पण त्याने सुधारावे अशी अपेक्षा कादंबरी कोठेही बाळगत नाही, कारण बिघाड त्याच्यात नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांनी हा प्रश्न अधिक रोखठोकपणे मांडला. 'उचल्या'तील माणसाला चोरी सोडायची आहे की नाही हा मुद्दा दुय्यम ठरतो. सोडल्यावर त्याने जायचे कोठे, गावात त्याला कोण उभे करील, हा खरा पेच आहे. राज्यपालाच्या गुप्त वचनावर विसंबलेल्या हेस आणि करी यांची अवस्था मनोरंजक वाटते, कारण ती अपवादात्मक आहे. एखादी संपूर्ण जमात पिढ्यान्‌पिढ्या त्याच अवस्थेत जगते, तेव्हा तिची मालिका होत नाही.

रामगढची उसनी माणसे

चित्रपटाने आपली वाट सोडली नाही. विनोबांपुढे १९६० मध्ये आणि जयप्रकाशांपुढे १९७२ मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली. 'जिस देश में गंगा बहती है' आणि 'मुझे जीने दो' यांसारख्या चित्रपटांना त्या काळाची पार्श्वभूमी आहे. राज खोसलांच्या 'मेरा गाँव मेरा देश' (१९७१) मध्ये धर्मेंद्रने केलेला भुरटा चोर एका हात गमावलेल्या निवृत्त सैनिकाच्या आश्रयाला येऊन गावाचा रक्षक बनतो. आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला, त्याच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि पुढे दूरचित्रवाणीने त्याला घराघरांत नेले. 'शोले'चा वेस्टर्नपटांशी असलेला संबंध इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो येथे पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन नाही.

त्यापेक्षा शांतारामबापूंचे गणित 'शोले'ला लावून पाहावे. ठाकूर बलदेवसिंह याला डोळे आहेत, हात नाहीत. म्हणून तो जय आणि वीरू यांचे चार हात भाड्याने घेतो. आदिनाथने नैतिक बळावर जे केले ते ठाकूर मोबदला ठरवून करतो. पाहणारा एक आणि राबणारे दुसरे ही मांडणी तीच. फरक असा की आदिनाथचे डोळे कैद्यांना हिंसेपासून परावृत्त करतात, तर ठाकुराचे डोळे त्यांच्याकडे हिंसेचीच मागणी करतात. सलीम-जावेद यांची पटकथा या व्यवहाराला विश्वासाकडे कशी वळवते, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्याच रात्री दोघे ठाकुराची तिजोरी फोडायला जातात. ठाकुराची विधवा सून राधा त्यांना पकडते आणि आरडाओरडा न करता किल्ल्याच पुढे करते. डोळ्यांचा पहारा येथे नाही, उपदेशही नाही. एक स्त्री, जिच्यापाशी गमावण्यासारखे काही उरलेले नाही, ती चोरीचा अर्थच काढून घेते. पुढे ठाकुराच्या तुटलेल्या हातांची कहाणी कळल्यावर दोघे मोबदलाही नाकारतात. संपूर्ण चित्रपटात सुधारणेचा म्हणून जो क्षण दाखवावा, तो गब्बरशी झालेल्या कोणत्याही चकमकीपेक्षा राधेच्या त्या किल्ल्यांपाशी आहे. त्या प्रसंगाची चर्चा सहसा होत नाही, ही गब्बरच्या लोकप्रियतेची किंमत म्हणावी लागेल.

चोर कायद्याकडे सरकत असताना माजी पोलीस अधिकारी कायद्यापासून दूर जातो, हे 'शोले'तील दुसरे वळण. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने त्याला हरकत घेतली आणि ऐन वेळी पोलीस पोहोचून गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट चित्रित करावा लागला. चार-पाच दशके बहुसंख्य प्रेक्षकांनी हाच शेवट पाहिला. जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासह पुनःसंस्कारित प्रत दाखविण्यात आली, तेव्हा चर्चा स्वाभाविकपणे ठाकूर आणि गब्बर यांच्याविषयी झाली. दोन्ही शेवटांत न बदललेल्या गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष झाले. जय मरतो. वीरू गाव सोडतो.

जयला राधेशी संसार मांडून, वीरूला बसंतीशी लग्न करून याच गावात राहायचे होते. गावाने त्यांना जीव धोक्यात घालण्याची संधी दिली, कृतज्ञताही दिली. पण अखेरच्या दृश्यात वीरू आगगाडीत बसतो आणि डब्यात बसंती त्याची वाट पाहत असते. म्हणजे जी गावची मुलगी, तीही त्याच्याबरोबर बाहेर पडते. 'दो आँखें बारह हाथ'मधील कैद्यांना निदान जमीन होती. रामगढमध्ये उसन्या हातांचे काम संपले की त्यांना राहण्यास जागा नाही. हे दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी हेतुतः योजले असेल असे मानण्याचे कारण नाही; कथेच्या साच्यानेच ते घडवून आणले आहे, आणि म्हणूनच ते अधिक बोलके आहे. स्मिथ आणि जोन्स घोड्यावरून पुढच्या गावाला निघतात, वीरू आगगाडीने निघतो.

या कथेला एक जुहूचे उपाख्यानही आहे. जय आणि वीरू साकारणारे दोन्ही नट पुढे जुहूचे रहिवासी झाले. अमिताभ बच्चन यांच्या 'जलसा' बंगल्याच्या फाटकापाशी अनेक वर्षे रविवारी दर्शनेच्छू लोकांची गर्दी जमत आली, आणि २४ नोव्हेंबर २०२५ रोजी धर्मेंद्र यांचे जुहूतील निवासस्थानी निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना पुन्हा एकदा वीरू म्हणूनच निरोप दिला. ज्यांना रामगढमध्ये ठिकाण मिळाले नाही, त्यांना मुंबईच्या उपनगरात कायमचा पत्ता लाभला, असे गमतीने म्हणता येईल. ती गर्दी मात्र गमतीची नाही. तिच्यात दूरदूरच्या गावांतून शहरात आलेली, ओळखीच्या कागदांसाठी आणि भाड्याच्या खोलीसाठी कोणाच्या तरी शब्दावर अवलंबून असलेली माणसे पुष्कळ असतात. आपल्याविषयी कोणी तरी आधी विश्वास दाखवावा, कागद मागाहून यावेत, ही इच्छा त्यांना परकी नसावी. बंद फाटकासमोर उभे राहून ती ज्याची वाट पाहतात, तो जय पडद्यावर १९७५ सालीच, दोन्ही बाजू सारख्याच असलेले नाणे घेऊन, मेलेला आहे.