सन्हेरीबाची स्वारी आणि आपली प्रवचने

सन्हेरीबाच्या स्वारीचा वृत्तान्त (२ राजे १८–१९) हा आपल्या उपदेशकांचा आवडता विषय आहे. प्रवचन बहुधा रब्शाकेच्या उद्दाम भाषणापासून सुरू होते, हिज्कीयाच्या प्रार्थनेपाशी क्षणभर थांबते आणि एका रात्रीत मेलेल्या १,८५,००० अश्शूरी सैनिकांपाशी संपते. राजाने भरवसा ठेवला आणि वेढा उठला, एवढेच श्रोता घरी घेऊन जातो. हे विवेचन शास्त्राला कितपत धरून आहे?

अठराव्या अध्यायातील तीन वचने (१४ ते १६) व्यासपीठावरून सहसा वाचली जात नाहीत. त्यांत हिज्कीया लाखीश येथे तळ देऊन बसलेल्या शत्रूला निरोप पाठवून आपला अपराध कबूल करतो. तीनशे किक्कार चांदी व तीस किक्कार सोने अशी खंडणी त्याच्यावर बसते, आणि ती भरण्यासाठी मंदिराच्या दारांवर स्वतःच मढविलेले सोने तो उखडून काढतो. यशयाच्या छत्तिसाव्या अध्यायात हाच वृत्तान्त आहे. ही वचने मात्र तेथे नाहीत. २ इतिहासाच्या बत्तिसाव्या अध्यायातही खंडणीचा उल्लेख नाही. तेव्हा ती गाळणाऱ्या उपदेशकांना पूर्वाधार आहे, असे कोणी म्हणेल. तथापि राजांच्या ग्रंथकर्त्याने ती ठेवली, आणि तीही परमेश्वरावर भरवसा ठेवण्यात हिज्कीयासारखा राजा दुसरा झाला नाही असे सांगितल्यावर (१८:५) अवघ्या नऊ वचनांच्या अंतराने.

इ. स. पूर्व ७०१ मधील या स्वारीचे वर्णन सन्हेरीबाने भाजलेल्या मातीच्या षट्कोनी स्तंभांवर कोरवून ठेवले. त्यात सोन्याचा आकडा तीस किक्कारच आहे. चांदीचा मात्र आठशे. यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतल्याची बढाई त्यात आहे. यरुशलेम घेतल्याची नाही. बर्नहार्ड श्टाडे याने १८८६ साली खंडणीची वचने व पुढील कथा यांची साधने वेगवेगळी मानली, आणि अभ्यासक बहुधा त्याच वाटेने गेले. हे पृथक्करण उपयुक्त आहे. पण ग्रंथकर्त्याने ती साधने शेजारी शेजारी का ठेवली, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

माझ्या मते उत्तर भरवशाच्या शब्दातच आहे. १८:५ नंतर 'बाटह' हा इब्री धातू पुनःपुन्हा येतो, आणि हिज्कीयाचे शब्द सांगतानाही तो शत्रूच्याच तोंडी असतो. खंडणी घेऊनही सैन्य दाराशी आले आहे, देण्यासारखे काही उरलेले नाही, आणि भरवसा कोणावर, हे रब्शाके विचारतो आहे. हिज्कीयाच्या प्रार्थनेत (१९:१५–१९) मात्र हा शब्द एकदाही नाही. आपल्या भरवशाचे भांडवल तो करीत नाही. तो शत्रूचे पत्र परमेश्वरापुढे पसरतो, आणि अश्शूरच्या राजांनी राष्ट्रे खरोखरच उद्ध्वस्त केली आहेत हे मान्य करून मागणे मागतो.

आता सर्वांत अवघड गोष्ट, लाखीशाची. ते नगर पडले. निनवेच्या राजवाड्यातील कोरीव शिलापट, जे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यांवर गाड्यांत सामान घालून बायकामुलांसह हद्दपारीस निघालेले तेथील लोक दिसतात. राजा तोच होता, परमेश्वरही तोच. दूत तेथे आला नाही. ग्रंथकर्ता कारण सांगत नाही. सन्हेरीब लाखीशाहून पुढे गेला, एवढेच तो ओघात नोंदतो (१९:८). वेढा उठणे हेच भरवशाचे माप ठरविले, तर त्या हद्दपार मातांना अविश्वासू म्हणावे लागेल, आणि उद्या ज्यांचा रोगी बरा झाला नाही अशा आपल्याच मंडळीतील घरालाही. असा निवाडा करण्याचा अधिकार या अध्यायांनी कोणास दिलेला नाही.

यरुशलेम वाचले, पण सुमारे शंभर वर्षांनी मंदिर आहे म्हणून नगर अभेद्य आहे असे लोक मानू लागले. यिर्मयाने त्यांना उद्ध्वस्त शिलोकडे जाऊन पाहावयास सांगितले (अ. ७), तेथेही धातू 'बाटह' हाच आहे, पण तो खोट्या शब्दांवरील भरवशाविषयी. यिर्मयाला देहान्ताची शिक्षा व्हावी अशी मागणी झाली, तेव्हा वडील जनांपैकी काहींनी उठून हिज्कीयाचा दाखला दिला (२६:१७–१९). मीखाचा इशारा ऐकून तो राजा परमेश्वराला भ्याला आणि त्याने विनवणी केली, हे त्यांनी सभेला सांगितले. दूताचा किंवा मेलेल्या सैन्याचा उल्लेख त्यांनी केला नाही.