जलसिक्त काष्ठाचें संरक्षण : एक आक्षेप

नॉर्वेंतील ओसेबर्ग येथें १९०४ सालीं उत्खननांत नौकेबरोबर सांपडलेल्या कोरीव लांकडी वस्तूंपैकीं पुष्कळ, वाळतांना आकसूं नयेत म्हणून, तुरटीच्या कढत द्रावणांत बुडविल्या. त्या काळीं हा रूढ उपाय होता. आकार टिकला, पण त्याच प्रक्रियेंत गंधकाम्ल उत्पन्न होऊन आज त्या आंतून भुसभुशीत झाल्या आहेत. तुरटी-राळेची खळ दिलेला कागद ज्यांच्या संग्रहीं आहे, त्यांस या अम्लाची ओळख करून द्यावयास नको.

स्टॉकहोमच्या वासा जहाजावर १९६२ पासून १७ वर्षें पॉलिएथिलीन ग्लायकॉल फवारिलें. तें पाण्यांत विरघळतें, हा गुण खराच. तथापि लांकडांत मुरलेलें गंधक व गंजलेल्या खिळ्यांचें लोह यांमुळें तेथेंही अम्ल झाल्याचें २००० सालीं उघडकीस आलें. आतां कायटोसान व लिग्निनसदृश द्रव्यें पुढें येत आहेत.

आमचा आक्षेप नव्या द्रव्यांवर नाहीं, घाईवर आहे. उपाय तत्काल दिसतो, अपाय पिढीनंतर. प्रथम गौण तुकड्यांवर दीर्घ प्रयोग, प्रक्रियेची तारीखवार नोंद, व घातलेलें द्रव्य परत काढण्याची सोय, हीं तीन सिद्ध होईपर्यंत वस्तु पाण्यांतच राहूं द्यावी.