टायटॅनियमची झडप आणि एक तक्ता

नायगाव येथील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. टायटॅनियमवरचा एक तक्ता फार रेखीव होता. उडी घेणाऱ्या मोटोक्रॉस गाडीच्या चित्राखाली लिहिले होते : इंजिनाच्या झडपा टायटॅनियमच्याच असाव्यात, कारण ते पोलादाहून हलके, मजबूत व टिकाऊ असते. आम्ही भरपूर गुण दिले. शेजारी उभ्या असलेल्या नववीतल्या मुलाने विचारले, "सर, मग माझा दादा पुण्यात गॅरेजात टायटॅनियमचे वाल काढून स्टीलचे का बसवतो?" "स्वस्त पडतात म्हणून," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली.

तक्त्यातील तीन विशेषणांपैकी 'हलके' तेवढे निर्विवाद आहे. टायटॅनियमची घनता सुमारे 4.5, पोलादाची सुमारे 7.8. मिनिटाला 12,000 फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक झडप सेकंदाला 100 वेळा उघडते. तिला परत आणण्याचे काम स्प्रिंगचे. त्यासाठी लागणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात, आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. झडप जड असली तर स्प्रिंग मागे पडते, झडप कॅमचा पृष्ठभाग सोडते व प्रसंगी पिस्टनवर आदळते. न्यूटनचा दुसरा नियम शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल, आणि तक्त्यात नेमके तेच नव्हते.

'मजबूत' म्हणताना तापमान सांगायला हवे. नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूची ताकद 500 अंश सेल्सियसच्या पुढे झपाट्याने घटते. धूर बाहेर सोडणारी झडप त्याहून कितीतरी अधिक तापते; आत येणाऱ्या थंड मिश्रणाने निवणाऱ्या झडपेचे तसे नाही. म्हणूनच होंडाच्या 2002 च्या सीआरएफ 450 आर या गाडीत आतल्या वाटेच्या झडपा टायटॅनियमच्या, तर बाहेरच्या वाटेच्या पोलादाच्या होत्या.

'टिकाऊ' हे तर चूकच. टायटॅनियमचा पृष्ठभाग घासला की लवकर खरवडतो, म्हणून त्यावर कठीण धातुसंयुगाचा पातळ थर देतात. एअर फिल्टरमधून निसटलेली धूळ तो थर खाते. मग झडप बैठकीत रुतत जाते, टॅपेटची फट मिटते आणि गाडी किक मारून मारून सुरू होत नाही. (मे महिन्यात आमच्या काळ्या रानातला फुफाटा पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) स्टेनलेस स्टील ही झीज अधिक सोसते. मात्र जड झडपेबरोबर कडक स्प्रिंगही बसवावी लागते. नुसती झडप बदलणे धोक्याचे.

शर्यतीत काही फेऱ्यांपुरते टायटॅनियम, वर्षभर रानावनात हिंडायचे तर स्टील, असा दादाचा हिशेब असावा. त्या मुलाला आम्ही हे सारे पत्राने कळवले. त्याने पुण्याहून एक झिजलेली झडप मागवून घेतली असून ती आता तक्त्याशेजारी टांगली आहे, असे त्याच्या शिक्षकांनी लिहिले आहे.