‘शक्ती’ ते ‘ऊर्जा’ : ज्ञानेश्वरीतील कुंडलिनीवर्णन आणि आधुनिक चक्रसाहित्य – एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी वाङ्मयात ज्ञानेश्वरीचे स्थान अनन्यसाधारण आहे. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे सविस्तर वर्णन येते. गेल्या शतकापासून, विशेषतः अलीकडच्या काही दशकांत, चक्रे, कुंडलिनी, चेतनेचा विस्तार, अतींद्रिय अनुभव या विषयांवरील ग्रंथांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण झाला आहे. व्यक्तिमत्त्वविकास, आरोग्य, ताणमुक्ती आणि यश यांच्याशी चक्रांचे नाते जोडणारी पुस्तके व शिबिरे आज महाराष्ट्रातील लहान शहरांपर्यंत पोहोचली आहेत. या साहित्यात आधार म्हणून ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाचा उल्लेख अनेकदा केला जातो. हा आधार कितपत ग्राह्य आहे, ज्ञानदेवांना अभिप्रेत असलेली कुंडलिनी आणि आजच्या पुस्तकांतील ‘ऊर्जा’ या दोन्ही एकच आहेत काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही चिकित्सा केवळ शब्दार्थापुरती मर्यादित नाही. आजारी, निराश किंवा एकाकी माणूस या साहित्याकडे आशेने वळतो. त्याच्या हाती परंपरेच्या नावाने नेमके काय दिले जाते, हा प्रश्न वाङ्मयीन आहे तितकाच सामाजिकही आहे.

गीतेतील श्लोक आणि ज्ञानदेवांची भर

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन, स्थिर दृष्टी, ब्रह्मचर्य आणि मनाचा संयम यांचा संक्षिप्त निर्देश आहे. कुंडलिनी, चक्रे किंवा बंध यांचा उल्लेख मूळ श्लोकांत नाही. ज्ञानदेवांनी मात्र या थोड्या श्लोकांच्या निमित्ताने सुमारे शंभर ओव्यांचे वर्णन उभे केले. मूळबंध, जालंधरबंध आणि ओढियाणबंध यांचा क्रम सांगून ते कुंडलिनीकडे वळतात. ही भर कोठून आली, याचे उत्तरही ते स्वतः देतात. पिंडाने पिंड गिळण्याची ही खूण नाथपंथाची आहे, असे ते सूचित करतात. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती या परंपरेचा वारसा त्यांच्याकडे होता. म्हणजे हा भाग टीकाकाराने मूळ ग्रंथावर केलेले सहज भाष्य नसून, आपल्या परंपरेचे गुह्य लोकभाषेत प्रकट करण्याचे जाणीवपूर्वक कार्य होय.

या वर्णनाची प्रकृती पाहणे आवश्यक आहे. कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिलाप्रमाणे निजलेली कुंडलिनी जागी होते ती भुकेने. ती देहातील मांस खाते, सप्तधातूंचा सागर पिऊन टाकते आणि तृप्त झाल्यावर जे गरळ ओकते, त्याच अमृतावर प्राण जगतो. त्यानंतर देहाला नवी कांती येते. ही कांती सांगताना कवी एका उपमेवर थांबत नाही. केशर, संध्याकाळचे रंग, सोनचाफ्याची कळी, अमृताचा पुतळा अशी उपमांची मालिकाच तो रचतो. शरीरशास्त्रीय वृत्तान्ताला इतक्या उपमांची गरज नसते. अनुभव शब्दांत मावत नाही म्हणून कवी एकामागून एक प्रतिमा पुढे करतो, असेच येथे म्हणावे लागते. पुढे वाणीच त्या अवस्थेपासून माघारी फिरते, असे ज्ञानदेव स्वतः सांगतात. ही कबुली या वर्णनाचाच एक भाग आहे, हे विसरता येणार नाही.

आधुनिक चक्रसाहित्याची जडणघडण

आज सर्वत्र दिसणारी चक्रांची आकृती मणक्याच्या सात ठिकाणी इंद्रधनुष्याचे सात रंग दाखवते. ही आकृती प्राचीन मानली जाते. पण तिची जडणघडण विसाव्या शतकातील आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांनी ‘आर्थर अॅव्हलॉन’ या नावाने १९१९ मध्ये ‘द सर्पंट पॉवर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पूर्णानंद यांच्या सोळाव्या शतकातील ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत ग्रंथाचे भाषांतर त्यात आहे. चार, सहा, दहा, बारा, सोळा आणि दोन दलांची सहा कमळे आणि त्यावरील सहस्रदल ही मांडणी या ग्रंथामुळे जगभर पोहोचली. तथापि, मूळ ग्रंथात इंद्रधनुष्याचा क्रम नाही. तेथे पृथ्वीतत्त्वाचा चौकोन पिवळा, जलतत्त्व शुभ्र, अग्नीचा त्रिकोण लाल आणि वायूचे मंडल धूम्रवर्ण आहे. शिवाय ही कमळे तेथे प्रामुख्याने ध्यानाचे विषय म्हणून येतात. साधकाने तेथे अमुक वर्ण, अमुक अक्षर, अमुक देवता चिंतावी, असा त्या वर्णनाचा रोख आहे.

१९२७ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे सी. डब्ल्यू. लेडबीटर यांचे ‘द चक्राज’ हे पुस्तक आले. आपल्या दिव्यदृष्टीला दिसलेली चक्रे म्हणून त्यांनी रंगीत चित्रे दिली आणि स्वाधिष्ठानाच्या जागी प्लीहेचे चक्र मानले. चिंतनाचा विषय येथे निरीक्षणाचा विषय झाला. त्याच वर्षी मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे यांनी ‘द मिस्टीरिअस कुंडलिनी’ या इंग्रजी पुस्तकात कुंडलिनी म्हणजे व्हेगस ही मज्जातंतू होय, असा सिद्धान्त मांडला. विशेष म्हणजे या पुस्तकाला प्रस्तावना वुड्रॉफ यांची आहे आणि कुंडलिनी ही कोणतीही मज्जातंतू किंवा भौतिक वस्तू नव्हे, अशी असहमती त्यांनी त्या प्रस्तावनेतच नोंदवली आहे. परंपरेला विज्ञानाची मान्यता मिळवून देण्याची निकड आणि त्या निकडीतून होणारी अर्थहानी यांचे हे बोलके उदाहरण आहे. पुढे १९३२ मध्ये कार्ल युंग यांनी झुरिच येथील व्याख्यानांत चक्रांकडे मनोविकासाची प्रतीके म्हणून पाहिले. रंगचिकित्सा, स्फटिक आणि यशाची सूत्रे यांची जोड मात्र त्यानंतरच्या दशकांत मिळाली.

चक्रांची संख्याही परंपरेत एकच नाही. गोरक्षनाथांच्या नावावरील ‘सिद्धसिद्धान्तपद्धती’ या ग्रंथात नऊ चक्रे सांगितली आहेत. ज्ञानदेव ज्या पंथाचे, त्याच पंथाच्या ग्रंथात सातांऐवजी नऊ चक्रे असावीत, ही बाब लक्षणीय आहे. स्वतः ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात काही चक्रांची नावे घेतली असली, तरी प्रत्येक चक्राची दले, अक्षरे आणि देवता यांची क्रमवार मांडणी केलेली नाही. शरीराचा नकाशा देणे हे त्यांचे प्रयोजनच नव्हते.

‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’

आधुनिक चक्रसाहित्याची गुरुकिल्ली ‘ऊर्जा’ हा शब्द आहे. ऊर्जा वाढते, कमी होते, अडते, वाहते, साठवता येते. पदार्थविज्ञानात ती मोजता येते. चक्रसाहित्यातील ऊर्जेचे कोणतेही एकक नाही आणि तिचे मापनही नाही. परंतु शब्द विज्ञानातून उसना घेतल्यामुळे मापनाचा भास मात्र निर्माण होतो.

ज्ञानदेवांचा शब्द ‘शक्ती’ आहे. या शक्तीला ते जगदंबा म्हणतात, चैतन्यरूपी सम्राटाची शोभा म्हणतात, विश्वबीजाच्या कोंभाला सावली देणारी म्हणतात. हे संबोधन मातेचे आहे. ऊर्जेचा वापर करता येतो. मातेशी नाते असते. ऊर्जा साधकाच्या मालकीची ठरते. शक्तीपुढे साधकच तिचे भक्ष्य होतो. एका शब्दाच्या बदलाने साधक आणि साध्य यांच्यातील संबंध असा उलटा होतो. ‘माझे चक्र’, ‘माझी ऊर्जा’, ‘माझी प्रगती’ या भाषेत ‘मी’ अबाधित राहतो, किंबहुना पुष्ट होतो. सहाव्या अध्यायात पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात आणि तेज वायूत विरते. पुढे कुंडलिनी हे नावही लोपते आणि ‘मारुत’ हे नाव उरते. शिवाशी मिळेपर्यंतच तिचे शक्तिपण टिकते. विकास पावणारा कोणी येथे शेवटी उरतच नाही.

सिद्धी आणि चमत्कार

सहाव्या अध्यायात अद्भुताचे वर्णन नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. योग्याला समुद्रापलीकडचे दिसते, स्वर्गातील मसलत ऐकू येते, मुंगीचे मनोगत उमगते. तो पाण्यावरून चालतो तरी पाऊल भिजत नाही. चक्रसाहित्याचे लेखक बहुधा येथपर्यंतच येऊन थांबतात. योग्याच्या पावलांमागे अणिमादी सिद्धी उभ्या राहतात, असे सांगून ज्ञानदेव लगेच विचारतात की, त्यांच्याशी आपल्याला काय करायचे आहे? आणि ते तत्त्वांच्या लयाकडे वळतात. आजच्या पुस्तकांत जे फळ म्हणून मांडले जाते, ते मूळ ग्रंथात वाटेवर मागे टाकलेले आहे. संपूर्ण वर्णनाचा अर्थ ठरवताना ही एक ओवी निर्णायक मानावी लागेल.

ज्ञानदेवांच्या चरित्रपरंपरेत रेड्यामुखी वेद आणि निर्जीव भिंत चालवणे हे प्रसंग सर्वश्रुत आहेत. परंतु त्यांच्या ग्रंथांत त्यांनी स्वतःच्या कोणत्याही चमत्काराचा निर्देश केलेला नाही. चांगदेवांच्या कथेचा आशयही याच दिशेचा आहे. वाघावर बसून, सर्पाचा चाबूक घेऊन येणारे चांगदेव सिद्धिसंपन्न आहेत. तरी ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायना सुचत नाही, म्हणून ते कोरा कागद पाठवतात. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून आलेल्या पासष्ट ओव्यांत सिद्धीची स्पर्धा नाही, आत्मैक्याचा विचार आहे. पुढे हे सिद्ध पुरुष मुक्ताबाईंचे शिष्य झाले, असे परंपरा सांगते. कथा ऐतिहासिक माना वा न माना, वारकरी परंपरेने सिद्धीचे मोल काय ठरवले, हे तीवरून स्पष्ट होते.

अधिकाराचा प्रश्न

पंथराजाचे हे वर्णन ऐकून अर्जुन आपल्या योग्यतेविषयी शंका व्यक्त करतो. त्यावर ज्ञानदेवांचा कृष्ण आहार, निद्रा, बोलणे आणि चालणे यांतील नियमितपणाकडे त्याचे लक्ष वेधतो. पुढे बाराव्या अध्यायात हाच योगमार्ग अतिशय कष्टाचा म्हणून वर्णिला आहे आणि त्याच्या तुलनेत भक्तीची वाट सुलभ ठरवली आहे. नाथपंथाचा वारसा असलेला कवी सामान्य माणसापुढे कुंडलिनी ठेवतो आणि शेवटी त्याच्या हाती भक्ती देतो. सहाव्या अध्यायाची ओवी घ्यायची आणि बाराव्या अध्यायाचा इशारा गाळायचा, हे वाचन ग्रंथाशी प्रामाणिक नाही.

या इशाऱ्याचे महत्त्व आधुनिक काळातील एका आत्मकथनावरूनही कळते. गोपी कृष्ण यांना १९३७ मध्ये जम्मू येथे ध्यान करताना तीव्र अनुभव आला. त्यानंतरची अनेक वर्षे त्यांनी शारीरिक आणि मानसिक यातनांत काढली, हे त्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात निःसंकोचपणे लिहिले आहे. त्यांच्या अनुभवाचा अर्थ काहीही लावला, तरी त्यांनी यातना लपवल्या नाहीत, हा त्या लेखनाचा विशेष आहे. सप्ताहान्ताच्या शिबिरात जागृतीचे आश्वासन देणाऱ्या साहित्यात हा प्रामाणिकपणा अभावानेच आढळतो. निद्रानाश, भीती किंवा भास यांना ‘जागृतीची लक्षणे’ म्हणून वैद्यकीय मदत लांबवली गेली, तर त्याचे मोल रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला मोजावे लागते. महाराष्ट्रात २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने चमत्काराच्या नावाखाली होणारी फसवणूक गुन्हा ठरवली. परंतु ग्रंथाच्या चुकीच्या वाचनावर कायद्याचा इलाज नसतो. तेथे समीक्षेचेच काम असते.

येथे दुसऱ्या टोकाचाही विचार करणे न्याय्य ठरेल. चक्रे शवविच्छेदनात सापडत नाहीत, म्हणून सहावा अध्याय निरर्थक, असा युक्तिवाद काही वेळा केला जातो. तोही ओवीला शरीरशास्त्राचे विधान मानण्याच्या त्याच चुकीवर उभा आहे. चेतना म्हणजे काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप विज्ञानाजवळ नाही. मात्र जे उलगडलेले नाही, ते कोणाच्याही दाव्याचा पुरावा होऊ शकत नाही, हेही तितकेच खरे आहे.

निष्कर्ष

१. ज्ञानेश्वरीतील कुंडलिनीवर्णन हे नाथपरंपरेच्या अनुभवाचे काव्यरूप आहे. त्याला शरीराचा नकाशा किंवा उपचारपद्धती मानणे ग्रंथाच्या प्रकृतीशी विसंगत आहे.

२. सप्तरंगी चक्रांची प्रचलित मांडणी विसाव्या शतकात घडली असून, तिला ज्ञानेश्वरीचा आधार देता येत नाही.

३. ‘शक्ती’च्या जागी ‘ऊर्जा’ हा शब्द आल्याने समर्पणाचा विषय उपभोगाचा झाला आणि अहंकाराच्या लयाऐवजी त्याचे पोषण हे ध्येय ठरले.

४. सिद्धींविषयी ज्ञानदेवांची भूमिका उपेक्षेची आहे. ती वगळून सहाव्या अध्यायाचे केलेले कोणतेही विवरण अपुरे ठरते.

ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेवांनी जे मागितले, त्यावरूनही हाच निष्कर्ष दृढ होतो. पसायदानात स्वतःसाठी एकही सिद्धी मागितलेली नाही. दुष्टांचे दुष्टपण जावे आणि प्राणिमात्रांत परस्परांविषयी मैत्री जडावी, हे त्यातील मागणे आहे. आत्मविकासाची आस बाळगणे गैर नाही. पण सहाव्या अध्यायाचा आधार घेणाऱ्याने अठराव्या अध्यायाच्या या शेवटाशी आपली साधना ताडून पाहावी, एवढी अपेक्षा तो ग्रंथ निश्चितच करतो.