‘एक रुका हुआ फैसला’: उच्चार, अभिलेख आणि संशय

बासू चटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) हा चित्रपट रेजिनल्ड रोज यांच्या १९५४ च्या दूरचित्रवाणी-नाट्यावर आणि सिडनी ल्यूमेट यांनी १९५७ मध्ये त्यावरून केलेल्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या चित्रपटावर आधारलेला आहे. झोपडपट्टीतील एका तरुणावर पित्याच्या खुनाचा आरोप असून, बारा पंचांनी त्याला दोषी ठरविल्यास त्याला फाशी होणार आहे. अकरा जण दोषी म्हणतात. एक जण म्हणत नाही. पुढील सर्व नाट्य एका खोलीत आणि केवळ बोलण्यातून घडते. म्हणूनच या चित्रपटाचा विचार भाषाव्यवहाराच्या अंगाने करणे उचित ठरावे. तसा तो केल्यास त्याचे सामर्थ्य आणि त्याची उणीव ही एकाच ठिकाणी सापडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चित्रपटाचे सामर्थ्य प्रथम पाहू. आरोपीविरुद्धच्या पुराव्यात एका उक्तीला मोठे स्थान आहे. मुलाने बापाला ठार मारण्याची धमकी दिल्याचे खालच्या मजल्यावरील वृद्धाने ऐकले आहे. शेजारून आगगाडी धडधडत जात असता ही उक्ती ऐकू येणे शक्य होते काय, हा प्रश्न पंचांपैकी एक जण उपस्थित करतो. तो प्रश्न श्रवणाचा होय. त्याहून मूलगामी प्रश्न पुढे येतो, आणि तो कोणी मांडीत नाही, तो घडतो. पंकज कपूर यांनी रंगविलेला संतापी पंच वादाच्या भरात विरोधकावर धावून जातो आणि तीच धमकी स्वतः उच्चारतो. विरोधक शांतपणे विचारतो की, हे तुम्ही खरोखरच करणार आहात काय? विधान आणि धमकी यांतील भेद वर्गात समजावून सांगण्यास यापरते उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. मराठीत ‘मारीन’ हे रूप व्याकरणदृष्ट्या भविष्यकाळाचे खरे. परंतु ‘तंगडे तोडीन’, ‘जीभ हासडीन’, ‘मुडदा पाडीन’ असे म्हणणारी आई त्या घटनेचे भाकीत करीत नसते. क्रियापदाचे रूप एक, उक्तीचे कार्य दुसरे. ते कार्य स्वरावरून, नात्यावरून आणि प्रसंगावरूनच कळते.

येथपर्यंत चित्रपट निर्दोष आहे. परंतु त्याची उणीवही येथूनच सुरू होते. या खोलीत उक्ती उक्तीच राहते. पंच तिची नक्कल करू शकतात, तिचा स्वर पारखू शकतात. आपल्याकडील फौजदारी खटल्यात ही सोय नाही. भंडारा जिल्ह्यातील एखादा साक्षीदार झाडीबोलीत, ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारीत, आपल्या लयीत जे सांगतो, ते पोलिसांच्या जबाबात ‘आरोपीने जिवे ठार मारण्याची धमकी दिली’ या ठरीव वाक्यात बसविले जाते. सत्र न्यायालयात तीच साक्ष न्यायाधीशांनी लेखनिकास सांगितलेल्या शब्दांत उतरते. पुढे उच्च न्यायालयासाठी तिचे इंग्रजी भाषांतर होते. ‘मारीन’ हा शब्द आरोपी हसत म्हणाला की दात ओठ खात म्हणाला, हे या तीन पायऱ्यांत कोठेतरी गळून पडते आणि केवळ ‘धमकी’ हे नाम उरते. उच्चाराचा अभिलेख होण्याची ही प्रक्रिया चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाने अचूक टिपली आहे. त्यात साक्ष चालू असताना न्यायाधीश तिचा सारांश टंकलेखकास सांगत राहतात, आणि नागपूरचे वीरा साथीदार यांनी उभा केलेला लोकशाहीर आपल्याच खटल्यात बहुतांशी श्रोता होऊन बसतो. त्या खटल्यात फाशीचा प्रश्न नाही. तथापि संशयाचे जे खरे स्थान, ते तेथे अधिक स्पष्ट दिसते.

पंचमंडळ हे या चित्रपटाने उसने आणलेले पात्र होय. १९५९ च्या मुंबईतील नानावटी खटल्यात पंच नऊ होते, आणि त्यांचा आठास एक असा निर्दोषत्वाचा कौल मान्य न झाल्याने न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. एकमताची सक्ती तेव्हाही नव्हती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर पंचांना स्थानच उरले नाही. तेव्हा १९८६ मध्ये हिंदी बोलणारे बारा पंच एकत्र बसतात, हीच मुळात कल्पित गोष्ट आहे. कलाकृतीस तेवढी मुभा असावी. तीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यामुळे प्रेक्षकाचा जो ग्रह होतो त्याबद्दल. एक विवेकी माणूस भेटला की दोन तासांत संशय फळास येतो, असे चित्रपट सुचवितो. आपल्याकडे फाशीच्या शिक्षेस उच्च न्यायालयाची पुष्टी लागते, म्हणजे संशयाचा पुनर्विचार कायद्यानेच आवश्यक केला आहे; परंतु तो पुनर्विचार कागदांवरून होतो.

असा संशय किती काळ तिष्ठत राहू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००३ मधील दरोडा, बलात्कार आणि पाच हत्यांच्या एका प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरविली, आणि त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य शासनास झाला. आरोपींपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

आणखी एक गोष्ट या चित्रपटात नाही: मृतासाठी रडणारे कोणी नाही. मारला गेलेला बाप मारकुटा होता, एवढेच आपणांस कळते, आणि त्यामुळे संशयाचा पक्ष घेणे प्रेक्षकास सोपे जाते. भंडाऱ्यातील वाचकास हे सोपेपण खटकावे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही न्यायालयांत लागू झाला नाही. जातीय द्वेष हा गुन्ह्याचा हेतू अभिलेखात उतरला नाही, हे दुःख फाशी रद्द झाल्याच्या दुःखाहून निराळे आहे. तेही शब्द गळून पडण्याचेच दुःख होय, केवळ ते दुसऱ्या पक्षाचे आहे. फाशीच्या विरोधात असलेल्या अभ्यासकानेही (प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक) ते ऐकूनच आपली बाजू मांडली पाहिजे.

२००३ च्या प्रकरणातही शोक करणारे होते. त्यातून वाचलेल्या जखमी स्त्रीने घटनेनंतर काही दिवसांतच पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांतून चार इसम ओळखले होते. ते या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा तपास झाला नाही.