लोट्याचा वाद आणि वादाची भाषा

शासनानें नेमिलेल्या समितीचा अहवाल हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. आमचें उत्तर असें कीं, ज्या गद्यानें सहा राज्यांतील राजकारण ढवळून निघालें, ज्याच्या बाजूनें व विरुद्ध वृत्तपत्रांचे रकाने महिनोन्‌महिने भरत राहिले, आणि जें वाद करणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं मुळांतून वाचलें, त्या गद्याकडे समीक्षकानें पाठ फिरवावी हें बरें नव्हे. प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं २०१० सालीं नेमलेल्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाचा अहवाल आम्ही म्हणतों तो हाच. त्याचे दोन भाग आहेत. सबंध अहवालाचा परामर्श येथें घ्यावयाचा नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील लोटे या गांवाविषयीं त्यांत जीं थोडीं पृष्ठें आलीं आहेत, तेवढ्यांचाच विचार कर्तव्य आहे. कारण यंत्रविद्या, राजकारण आणि लोकमत यांची गांठ जेथें प्रत्यक्ष पडते, असें याहून नेमकें स्थळ आपल्याकडील गद्यांत आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

चिपळुणाहून वाशिष्ठी ओलांडून परशुराम घाट चढला म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर खेड तालुक्यांतील हें गांव लागतें. तेथें रसायनांच्या कारखान्यांची मोठी वसाहत आहे. रंग, औषधें, कीटकनाशकें, आणि ज्यांचीं नांवें सामान्य माणसास उच्चारतांही येणार नाहींत असे कित्येक पदार्थ येथें तयार होतात. वसाहतीचें स्थान पठारावर आणि पाणी उताराकडे धांवणारें. तेव्हां वर जें सांडेल तें ओढ्यावहाळांनीं खालच्या गांवांकडे व शेवटीं दाभोळच्या खाडीकडे जाणार, हें समजावयास तज्ज्ञ गटाची गरज नव्हती. वहाळाकांठीं राहणाऱ्या कोणत्याही बाईनें तें सांगितलें असतें, आणि सांगितलेंही असेल. तिचें सांगणें कागदावर उतरण्यास मात्र एक समिती दिल्लीहून यावी लागली.

या पृष्ठांचा पहिला गुण म्हणजे त्यांचा कोरडेपणा. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या सामाईक केंद्रास येणारें पाणी पेलवत नाहीं, तें न शुद्ध होतांच बाहेर वाहतें, आणि कोतवली गांवाच्या पिण्याच्या ओढ्यांत मिसळतें, हें अहवाल एखाद्या तलाठ्यानें पंचनामा लिहावा तितक्या साधेपणानें सांगतो. खेड शहरास ज्या बोरजच्या धरणांतून पाणी मिळतें तेथें मासे मेले व शहराचा पुरवठा कांहीं दिवस बंद ठेवावा लागला, हेंही त्याच आवाजांत. आणि मग, आवाज तिळमात्र न चढवितां, कोतवलीच्या सरपंचाची हकीकत येते. आपलें कोणीही ऐकत नाहीं अशा उद्वेगानें या गृहस्थानें त्याच ओढ्याचें पाणी पिऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यांस मुंबईस नेऊन वांचविण्यांत आलें. ओढ्याच्या पाण्यांत मात्र पालट झाला नाहीं. याच प्रसंगावर आमच्या एखाद्या कादंबरीकारानें वीस पानें खर्चून वाचकाच्या डोळ्यांतून पाणी काढलें असतें. अहवालानें दोनचार वाक्यांत तो उरकला आहे, आणि म्हणूनच तो विसरतां येत नाहीं. गांवचा प्रमुख आपलें म्हणणें सिद्ध करण्यासाठीं तेंच पाणी स्वतः पितो, याहून मोठा पुरावा कोणत्या न्यायशास्त्रांत सांगितला आहे?

आतां दोन आंकड्यांकडे वळूं. वसाहतींत सुमारें ११,००० माणसांस काम मिळालें आहे, असें एका बाजूस सांगितलें आहे. दुसऱ्या बाजूस, प्रदूषणामुळें दाभोळ खाडींतील मासेमारीवर जगणाऱ्या २०,००० लोकांचें पोट गेलें, असा दावा नोंदविला आहे. हे दोन आंकडे शेजारीं ठेवण्यांत लेखकाचें खरें धाडस आहे. कारखान्याच्या विरोधकास 'पोटाचें बोला' असें सुनावण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. येथें खाडीकांठचा भोई व खारवी पोटाचेंच बोलत आहे. 'रोजगार कीं निसर्ग' हा वृत्तपत्रांनीं वर्षानुवर्षें चघळलेला प्रश्न या एका तुलनेनें मोडीत निघतो. प्रश्न रोजगाराविरुद्ध रोजगार असा आहे, आणि त्यांतला एक हजेरीपटावर लिहिलेला आहे म्हणून दिसतो, दुसरा जाळ्यांत व होडींत असल्यामुळें दिसत नाहीं.

परंतु समीक्षकाचें काम केवळ वाखाणणी करणें हें नव्हे. पहिला आंकडा कारखान्यांच्या बाजूचा असला तरी मोजलेला आहे. दुसरा पीडितांनीं सांगितलेला आहे. तो कसा मोजला, किती गांवांतून मोजला, पूर्वी किती माणसें खाडीवर जगत होतीं, याचा झाडा वाचकास मिळत नाहीं. आमचा मच्छीमारांवर अविश्वास आहे असें कोणी समजूं नये. ज्यांच्या बाजूस सत्ता नाहीं त्यांच्या बाजूचा आंकडा अधिक काटेकोर हवा, कारण प्रतिपक्ष प्रथम त्याच्यावरच बोट ठेवणार. गाडगीळांसारखा, हयात मोजण्यांत घालविलेला शास्त्रज्ञ येथें हातचें राखून मोजतो याचें नवल वाटतें.

अहवालांतील आणखी एक नोंद आम्हांस सर्वांत बोलकी वाटली. २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या अवधींत जिल्ह्यांत १९१ दिवस जमावबंदीचे हुकूम लागू होते. मुंबई पोलिस अधिनियम १९५१ याच्या आधारें ते काढलेले होते. म्हणजे वादाच्या ऐन भरांत, ज्यांचा वाद होता त्यांनींच एकत्र जमूं नये अशी व्यवस्था होती! मुंबई-पुण्यास बसून वाद करणारांस असा कोणताही हुकूम नव्हता. त्यांचा वाद मोकळेपणीं, रोज सकाळीं चहाबरोबर आणि रात्रीं दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चालत असे. ज्याच्या दारांत पाणी सडलें तो गप्प, आणि ज्यानें तें पाणी पाहिलेंही नाहीं तो मुखर; लोकमत म्हणून ज्याचा आपण गौरव करतों त्याची ही घडण आहे.

या जिल्ह्यास वादाचें वावडें होतें असें मात्र नाहीं. उलट मराठी वादवाङ्मयाचें हें माहेरघरच म्हटलें पाहिजे. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. तें गांव आज सिंधुदुर्गांत असलें तरी पूर्वी रत्नागिरीचेंच होतें. टिळकांचा जन्म १८५६ सालचा, रत्नागिरीचा. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळांत सावरकरांनीं यंत्रांच्या बाजूनें जे निबंध लिहिले तेही बव्हंशीं याच शहरांतून. बेकारीचा दोष यंत्राच्या माथीं मारूं नका, वाटणीकडे पाहा, असा त्यांचा रोख होता. दुसऱ्या बाजूस चरखा होता, १९०९ सालचें 'हिंद स्वराज्य' होतें. तो वाद आज वाचतांना कोणाचें म्हणणें पटो वा न पटो, प्रत्येकजण प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं मांडतो व मग खोडतो, एवढी शिस्त त्यांत दिसते. टिळक-आगरकरांच्या वादांत कडवटपणा थोडा नव्हता. पण 'सुधारक' न वाचतां त्यास उत्तर देण्याची सोय त्या वेळीं निघाली नव्हती.

ती सोय पुढें निघाली, आणि ती वाढविण्यास खुद्द शासनानें हातभार लावला. हा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजीं सादर झाला. तो लोकांपुढें आला २०१२ च्या मे महिन्यांत, आणि तोही माहितीच्या अधिकाराखालीं झगडून, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. मधल्या साडेआठ महिन्यांत अहवालावर टीका करण्यास कोणासच अडचण पडली नाहीं, कारण तो वाचण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. प्रसिद्ध झाला तोही इंग्रजींत. ग्रामसभांनीं यावर विचार करावा हें ज्या अहवालाचें सूत्र, तो ग्रामसभेच्या भाषेंत आरंभापासून नसावा, हा दोष लहान नव्हे. १८३२ सालीं 'दर्पण' निघालें तेव्हां बाळशास्त्र्यांनीं एकाच पानावर दोन रकाने पाडले होते, एक मराठी व एक इंग्रजी. राज्यकर्ता आणि रयत दोघांनींही तेंच वाचावें ही त्यांतील दृष्टि. पावणेदोनशें वर्षांनंतर तेवढेंही साधलें नाहीं. गाडगीळ स्वतः उत्तम मराठी लिहीत; त्यांचें 'सह्याचला आणि मी' हें आत्मचरित्र २०२३ सालीं मराठींतही निघालें. लोट्याचीं पृष्ठें त्यांनींच मराठींत लिहिलीं असतीं तर त्यांस कोणत्याही अनुवादाची अथवा गोषवाऱ्याची भीड पडली नसती.

आम्हां साहित्यिकांविषयीं चार शब्द न बोलणें अन्यायाचें होईल. अहवाल उजेडांत आल्यावर आठ महिन्यांच्या आंतच, जानेवारी २०१३ मध्यें, शहाऐंशीवें अखिल भारतीय साहित्य संमेलन चिपळूण येथें भरलें. लोट्याची वसाहत तेथून हांकेच्या अंतरावर. त्या संमेलनाच्या नांवानें आज काय आठवतें? निमंत्रणपत्रिकेवरील परशुरामाचें चित्र व त्याचा परशु, आणि त्यावरून उठलेलें रण. हमीद दलवाई यांच्या घरापासून ग्रंथदिंडी काढावी कीं नाहीं याचा वाद. हे वाद क्षुद्र होते असें आम्ही म्हणत नाहीं; दलवाईंचा प्रश्न तर गंभीरच होता. पण परशुरामानें बाण सोडून समुद्र हटविला व ही भूमि मिळविली, या कथेवर ज्यांनीं इतका आवेश दाखविला, त्यांस त्याच भूमीच्या पाण्याविषयीं तितकाच आवेश दाखवितां आला असता. कथेंतील परशु सर्वांस दिसला. घाटमाथ्यावरून खालीं येणारें पाणी कोणाच्या लेखणीच्या दौतींत पडलें नाहीं.

वादाच्या भाषेचा विचार निघालाच आहे तर 'विकासविरोधी' या शब्दाविषयीं बोललें पाहिजे. हा शब्द युक्तिवाद टाळण्याचें साधन झाला आहे. याचीच जुळी बहीण म्हणजे 'भांडवलदारांचे हस्तक' ही शिवी. याच खाडीच्या मुखाशीं, गुहागर तालुक्यांत, एन्रॉनचा वीजप्रकल्प आला, तेव्हां प्रचाराच्या व्यासपीठांवरून तो अरबी समुद्रांत बुडविण्याची गर्जना झाली. १९९५ सालीं नव्या सरकारनें तो रद्द केला, आणि लगेच बोलणीं करून नव्या अटींवर परत स्वीकारला. गर्जना करणारे आणि टाळ्या वाजविणारे दोघेही विजेच्या दराचें गणित समजून घेण्यास थांबले नव्हते. पुढें जैतापूर, नाणार, बारसू या क्रमानें तेंच नाटक, तींच पात्रें, केवळ बाजू बदलून. सत्तेबाहेर असतां विरोध व सत्तेंत येतांच समर्थन हा प्रकार कोंकणी माणसास आतां तोंडपाठ झाला आहे.

कारखानदारीची बाजू आम्हांस ऐकूं येत नाहीं असें नव्हे. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरवर जगणाऱ्या या मुलखांत तरुणानें घरीं राहून पगार मिळवावा, ही इच्छा हिणविण्याजोगी नाहीं. लोट्यास तयार होणारें औषध कोणाच्या तरी घरीं ताप उतरवितें. म्हणूनच अहवालाच्या या भागांतील आमच्या मतें सर्वांत मोठी उणीव अशी कीं, त्यांत अधिकारी बोलतात, मच्छीमार बोलतात, ओढ्याकांठचे ग्रामस्थ बोलतात. ११,००० कामगार केवळ आंकडा म्हणून येतात. वाऱ्याबरोबर येणारा दर्प सर्वांत आधीं त्यांच्या नाकांत जातो. टाकी कधीं फुटते, रात्रपाळीस झडप कोणाच्या सांगण्यावरून उघडली जाते, हें त्यांस ठाऊक. खाडींतील मासळी हटल्यावर ज्याच्या बापानें जाळें गुंडाळून ठेविलें, असा कोणी मुलगा त्या पाळींत असेलच. त्याची जबानी घेतली असती तर दोन्ही आंकडे एकाच घरांत भेटले असते.