मेंढ्याचे स्वराज्य आणि आपले टेबल

देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीत तेरा गावांची १,७७७ एकर जमीन उद्योगांसाठी संपादन करण्याचे राज्य सरकारने योजिले होते. शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरून बसले, आणि १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांनी तो बेत सोडल्याचे जाहीर केले. या तालुक्यात राहून श्री. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक हाती घेतले म्हणजे त्याचा अर्थ निराळाच लागतो, असा आमचा अनुभव आहे.

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्यातील गोंडांचे लहानसे गाव. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय करते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिची घोषणा प्रसिद्धच आहे. बोकील कादंबरीकार आहेत, तसेच समाजशास्त्राचे अभ्यासकही आहेत. त्यामुळे गावाचा गौरव करताना त्यांचे लक्ष कायद्याच्या कलमांवरून ढळत नाही. पुस्तकाचे खरे बळ आम्हांस येथे दिसते.

कारण मेंढ्याचे स्वराज्य सरकारला वगळून उभे राहिलेले नाही. वनहक्काचा कायदा संसदेने २००६ साली केला. त्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क २००९ साली मान्य झाला. राज्यसत्ता की ग्रामसत्ता, हा वाद म्हणूनच आम्हांस पोकळ वाटतो. देवनहळ्ळीच्या शेतकऱ्यांची जमीन वाचली, पण शेवटचा शब्द सरकारचाच राहिला. मेंढ्याने तो शब्द कायद्याच्या आधारे आपल्याकडे घेतला. अनुग्रह आणि अधिकार यांतील अंतर ते हेच.

तथापि एक शंका उरते. मेंढा एकजिनसी आहे; आपली बहुतेक गावे तशी नाहीत. महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहून गावगाड्याच्या ओझ्याखाली कुणबी कसा दबतो, हे दाखविले. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत डॉ. आंबेडकरांनी गावाऐवजी व्यक्तीला राज्यघटनेचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, तेही गावाचा अनुभव घेऊनच. जेथे गावच दुर्बळाला बोलू देत नाही, तेथे सहमती म्हणजे मुकाट्याने मान डोलावणे होईल. अशा दुर्बळाला गावाविरुद्ध दाद मागण्यास वरचे सरकार हवेच. मेंढ्याचा धडा इतरत्र गिरविताना हा प्रश्न टाळता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या नोकरवर्गाने ध्यानी घ्यावी. हक्क २००९ साली मिळाला, परंतु स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले ते २७ एप्रिल २०११ रोजी, आणि तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावी आले तेव्हा. कायदा झाला होता, हक्कही नोंदला गेला होता. अडले होते ते एका पासबुकापाशी. मधला काळ कसा जातो, हे कारकुनास कोणी सांगावयास नको. शेरा, खुलासा, पुन्हा शेरा!

राज्यसत्ता आपल्या हाती नाही, ही आपली नेहमीची सबब. पण गावाच्या दृष्टीने सत्ता म्हणजे बहुधा आपलेच टेबल असते. बोकीलांचे पुस्तक वाचून ते मिटताना आम्हांस अभिमानापेक्षा संकोच अधिक वाटला, आणि हीच त्याची खरी किंमत आम्ही समजतो.